दोन कार्डांचे कोपरे

हसायचं असेल तर हसा, पण हा किस्सा बाहेर कुठे बोलू नका. निदान जळगावात तरी नकोच. तिथे आमच्या मोठ्या बाई अजून आहेत!

तर मूळ दुखणं असं, की मी कागद खाते. पोट भरायला नव्हे हो! जीव घाबरा झाला, की हातातल्या कागदाचा कोपरा आपोआप दातांखाली जातो. आणि माझा जीव कशाने घाबरा होत नाही? दाराची कडी वाजली तरी मी दचकते. अमळनेरच्या कॉलेजात परीक्षेला बसले, तेव्हा प्रश्नपत्रिकेतला सहावा प्रश्न मी गिळला. आणि वर मीच उभं राहून विचारलं, "सर, सहावा प्रश्न छापायचा राहिलाय का?"

तरी बी. ए. झाले. जळगावात मुलींच्या शाळेत लागले. पहिल्याच वर्षी आमच्या मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, मला बोलावून घेतलं. "शिक्षिकांची एक दिवसाची सहल काढायची आहे. स्थळ तू सुचव, व्यवस्थाही तूच कर. गोंधळ मला चालत नाही."

स्थळ माझ्या ओठांवरच होतं. आपल्या खानदेशातलेच एक फार मोठे चित्रकार. त्यांचं नाव इथे लिहायची माझी हिंमत नाही, गावात त्यांना नाना म्हणतात, आपणही नानाच म्हणू. धुळ्याच्या प्रदर्शनात त्यांचं एक चित्र मी पाहिलं होतं. जात्यावर बसलेली बाई. बस्स, एवढंच! पण तिच्या मनगटावर पीठ असं काही उडालं होतं, की मी पदराने माझंच मनगट पुसलं. दोन रात्री मला झोप नव्हती. माणसाच्या हातात असं काही असू शकतं?

बेत पक्का झाला. अमळनेरपर्यंत रेल्वे, पुढे बैलगाड्यांनी बोरी नदीकाठचं नानांचं गाव. तिथे त्यांचं जन्मघर, ज्यात त्यांच्या थोरल्या बहीण अक्का राहतात. मारुतीचं देऊळ, ज्याच्या भिंतीवर नानांनी लहानपणी हत्ती काढलाय. आणि नदीची दरड, जिथून ते रंगासाठी गेरू खणून आणायचे.

आगाऊ कळवायला हवं म्हणून मी दोन कार्डं लिहिली. एक अक्कांना, एक मुंबईला खुद्द नानांना. नानांना कार्ड! भाषा अशी झोकदार लिहिली, की काय सांगू! अक्कांच्या कार्डाची सुरुवात, "आपले थोर बंधू यांच्या पवित्र स्मृतींनी भारलेली ती वास्तू..." नानांच्या कार्डाची सुरुवात, "आपल्या भगिनी अक्का यांच्या मायेची सावली ज्या घरावर होती..."

टपालपेटीपाशी उभी राहिले आणि शंकांनी घेरलं. नमस्कार लिहावा की साष्टांग नमस्कार? पत्ता बरोबर आहे ना? माझी मैत्रीण सुमन शेजारी होती. ती ओरडली, "अगं, कार्ड आहे ते, उसाचं कांडं नाही!"

बघते तर दोन्ही कार्डांचे कोपरे गायब. म्हटलं, पत्ता तर शाबूत आहे! दिली टाकून.

शहाण्या वाचकांना इथेच घाम फुटला असेल. मला फुटला नाही. बी. ए. झालेली ना मी!

ठरल्या दिवशी आम्ही नऊ शिक्षिका अमळनेरला उतरलो. मोठ्या बाईंच्या अंगावर हिरवं रेशमी पातळ, माझ्या हातात अक्कांसाठी झेंडूचा हार, सुमनकडे पेढ्यांचा पुडा. म्हाताऱ्या गाडीवानाने विचारलं, "कोठे जानं शे, बाई?"

"अक्कांकडे. चित्रकार नानांच्या घरी."

तो खाली उतरला, बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा काढल्या आणि पोत्यात घातल्या. मी सुमनच्या कानात म्हटलं, "पाहिलंस? नानांच्या गावात वाजत जायचं नाही! केवढा हा आदर!"

गावात शिरलो तर अक्कांच्या घरासमोर माणसंच माणसं. सगळी खाली बसलेली, उघड्या डोक्यांनी. ओटीवर पांढऱ्या लुगड्यातल्या अक्का, भोवती बायका. आम्हाला पाहताच एकीने सूर लावला, "नाना रे! कसा सोडी गया रे आम्हले!"

माझ्या अंगावर काटा आला. नाना मुंबईला गेले त्याला किती वर्षं झाली! अजून हे गाव रडतंय! एका चित्रकारासाठी! कुठल्या देशात असं होत असेल सांगा!

एका म्हाताऱ्याने माझ्या हातातला हार घेतला आणि भिंतीवरच्या नानांच्या फोटोला घातला.

"जिवंत माणसाच्या फोटोला हार?" मोठ्या बाई कुजबुजल्या.

"बाई, इथे ते देव आहेत," मी भारावून म्हणाले.

सुमनने मला चिमटा काढला. "अगं, या घरात चूलसुद्धा पेटलेली नाही. काहीतरी भलतंच आहे."

"थोरांच्या घरी साधेपणाच असतो," मी तिला गप्प केलं.

मग मोठ्या बाईंनी खूण केली आणि मी चार शब्द बोलायला उभी राहिले. "नाना आज इथे नाहीत. पण या घराच्या भिंतीभिंतीत ते आहेत!" एवढं म्हटलं मात्र, बायकांनी जो गळा काढला! मीही काढला. खोटं कशाला सांगू, सगळ्यांत मोठा माझाच होता.

या रडारडीत मोठ्या बाई शिस्तीत पुढे झाल्या, पेढ्यांचा पुडा उघडला आणि अक्कांपुढे धरला. "घ्या, तोंड गोड करा."

रडारड ऐकून नदीकडून नानांचा पुतण्या सुपडू धावत आला. अर्धं डोकं भादरलेलं, अर्ध्यावर केस. "पेढा? बाई, मानूस मरेल घरमा पेढा?"

"कोण गेलं?" मोठ्या बाई दचकल्या.

"कोन म्हंजे? नाना! काल कार्ड उनं. कोपरा फाडेल!"

आपल्याकडची रीत मला काय ठाऊक नव्हती? शुभ पत्राला कुंकवाचं बोट, आणि मयताच्या पत्राचा कोपरा फाडलेला! असं पत्र घरात आणत नाहीत. उंबऱ्याबाहेर ओळ-दोन ओळी वाचायच्या आणि फाडून नदीत सोडायचं. पोस्टमनने एवढंच वाचलं होतं : थोर बंधू, पवित्र स्मृती. पुढचं "आम्ही नऊजणी सहलीस येत आहोत" बोरीच्या पाण्यातून तापीकडे निघालेलं!

मी कबुली द्यायला तोंड उघडलं, तोच बाहेर टांगा थांबला. धुळीने माखलेला एक म्हातारा धडपडत उतरला. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. "अक्का वं! मी ऊनू वं अक्का, पन उशीर करी टाका!"

नाना! हो, खुद्द नाना! मुंबईच्या कार्डालाही कोपरा नव्हता ना!

ते ओटीवर चढले आणि थबकले. समोर अक्का. अक्कांच्या डोक्यावर भिंतीला नानांचाच फोटो, फोटोला हार. दोघं एकमेकांकडे बघताहेत, आणि अख्खं गाव दोघांकडे. अक्का हळूच उठल्या, त्यांनी नानांचा कान धरला आणि पिळला.

"आई गं!" नाना कळवळले.

"जिता शे!" अक्का ओरडल्या. आणि पुढच्याच क्षणी नानांच्या पाठीत धपाटा! "अकरा वरीस, नान्या! एक भाऊबीजले उना नई! मरानं कार्ड उनं तव्हय उना का रे?"

नानांनी लहान मुलासारखं त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. ज्या माणसाचं चित्र पाहून मी दोन रात्री जागले, तो माणूस हुंदके देत होता आणि त्याची बहीण त्याच्या केसांतली धूळ झटकत होती.

मग नानांनी डोळे पुसले, खिशातून कार्ड काढलं. "कोपरा बघितला, पहिल्या ओळीत अक्काचं नाव बघितलं आणि गाडीत बसलो. पुढचं वाचायचा धीर झाला नाही." चष्मा लावून त्यांनी अख्खं कार्ड मोठ्याने वाचलं. शेवटी माझं नाव.

सगळं गाव माझ्याकडे वळलं. माझ्या हातात सहलीच्या कार्यक्रमाचा कागद होता. आणि त्याचा कोपरा...

"थुंक तो," मोठ्या बाई म्हणाल्या.

आधी अक्का हसल्या. मग नाना, मग सगळेच. फक्त सुपडू डोक्यावरून हात फिरवत विचारत होता, "आते मना अर्धा केसस्नं काय?"

चूल पेटली. अक्का जात्यावर बसल्या, आणि मी बघतच राहिले. मनगटावर तेच पीठ! चित्रातलं! या खेपेला मी पदर पुढे केला नाही, हात जोडले. ज्वारी-उडदाची, म्हणजे कळण्याची भाकरी, भरीत आणि वर आमचेच पेढे असं जेवण झालं. नानांनी स्वतः देवळातला हत्ती दाखवला, दरडीतला गेरू माझ्या हातावर ठेवला. "येऊ येऊ म्हणत अकरा वर्षं गेली," ते म्हणाले. "शेवटी तुझ्या दातांनी आणलं."

निघताना त्यांनी माझ्याच कार्यक्रमाच्या कागदामागे गेरूने भराभर चित्र काढलं. पातळ नेसलेली शेळी, तोंडात पोस्टकार्ड. डोळ्यांत अशी भीती, की मला आरसाच वाटला! खाली सही केली. नानांची सही! माझ्यासाठी!

परतीच्या गाडीत तो कागद मी दोन्ही हातांनी धरून बसले होते. वाऱ्याने उडाला तर? गर्दीत चुरगळला तर? कुणी हिसकावला तर?

आज ते चित्र आमच्या बैठकीत चौकटीत टांगलंय. पाहुणे विचारतात, "शेळी झकास आहे, कुणी काढली?" मी नानांचं नाव सांगते. ते गालातल्या गालात हसतात आणि म्हणतात, "असं? मग सही कुठाय?"

आता काय सांगू त्यांना? पचली!