मनगट ओळखणारे चाचा

मळवलीपासून कार्ल्यापर्यंतच्या बायकांची मनगटं आमच्या बांगडीवाल्या चाचांना जितकी ठाऊक आहेत, तितकी घडवणाऱ्या देवालाही नसतील. नावं मात्र ते साफ विसरतात. त्यांच्याकडे सगळी ओळख मापावर चालते. "फाट्यावरच्या सव्वादोन माहेरी गेल्यात काय?" असं त्यांनी विचारलं की कोणाची चौकशी आहे ते आम्ही आपलं समजून घ्यायचं. बांगडी 'फुटली' असंही ते कधी म्हणत नाहीत, बांगडी 'वाढते'. एकदा टेम्पोच्या धक्क्याने त्यांची अख्खी पेटी रस्त्यावर उपडी झाली. मी धावत गेले, तर काचांच्या ढिगाकडे बघत शांतपणे म्हणाले, "आज लय वाढल्या."

आणखी एक खोड म्हणजे बाईचा हात दाबून मऊ करता करता अंगठा नाडीवर ठेवायचा आणि माहेरच्या गोष्टी काढायच्या. बांगडी कधी चढली ते बाईला कळत नसे, आणि तिच्या जिवाचं काय चाललंय ते चाचांना नेमकं कळे. "भांडून आलीस व्हय? नाडी पळतीया," असं नव्या सुनेला सासूदेखत विचारून त्यांनी एक-दोन घरांत चांगला गोंधळही घातलाय.

गेल्या वर्षी आईचा हात धरून त्यांनी अंगठा दोनदा नाडीवर दाबून पाहिला. मग म्हणाले, "वैनी, नाडी दोन पावलं टाकती, एक चुकवती. डॉक्टरला दावा."

"तुमी बांगड्या भरा चाचा," आई हसून म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात शाळेत तपासणी शिबिर आलं. सुई नाही, रक्त नाही. मनगटाला पट्टा बांधला की नाडीच्या ठोक्यांवरून हृदयाची चाल पडद्यावर रेघेसारखी दिसायची. पण मनगट उघडं हवं, आणि चाचांनी भरलेली बांगडी ना वर सरकते ना खाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एका हातातल्या काढा." आई ताडकन उठली. "मालक धडधाकट असताना मी हात मोकळा करू व्हय?" मी समजावलं, चिडले, रडलेही. चाचांचं बोलणं माझ्या मनातून जात नव्हतं. आई मात्र ढिम्म.

शेवटी चाचांनाच बोलावून आणलं. त्यांनी साबणाचं पाणी मागितलं. आधी आईच्या हाताला, पट्ट्याच्या जागेच्या जरा वर, हिरवा दोरा बांधला. "हात मोकळा न्हाई आता. बसा." मग बोटं दाबत बाराच्या बारा बांगड्या उतरवल्या, एकही न वाढवता. पडद्यावरची रेघ चाचा म्हणाले होते तशीच निघाली, मध्येच चुकणारी. उशीर झाला असता तर अर्धांगाचा झटका आला असता, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं.

आई आता औषधांवर बरी आहे. चाचांची बोटं मात्र साखरेच्या आजाराने बधिर होत चालली आहेत. बांगडी सवयीने चढते, पण नाडी लागत नाही. परवा संक्रांतीला आईचा हात धरून ते अंगठा नाडीवर इकडेतिकडे सरकवत राहिले. "कशी चालती वैनी? माज्या बोटाला काय कळंना," असं त्यांनी विचारलं.

आईने दवाखान्यातल्या नर्सबाईंनी शिकवल्याप्रमाणे दुसऱ्या हाताची बोटं स्वतःच्या नाडीवर ठेवली आणि प्रत्येक ठोक्याला सांगू लागली, "आता... आता... आता..."

चाचा डोळे मिटून प्रत्येक 'आता'ला मान हलवत होते. त्या दिवशी आमच्याकडे बांगड्या भरायला फार वेळ लागला.