फाँग मावशीचं घशाचं सूप

दालियांग शहरातल्या त्या गल्लीत कुणी खोकलं, तर दुसरी ढास येण्याआधी फाँग मावशीची खिडकी उघडायची. कफ पांढरा की पिवळा, घसा कोरडा की खवखवणारा, हे ती भर रस्त्यात विचारी, आणि बँकेतला साहेबसुद्धा निमूटपणे जीभ बाहेर काढून दाखवी. रेशमाच्या गिरणीत वाफेपाशी तीस वर्षं काढलेली बाई ती. तिथल्या निम्म्या बायकांचे घसे तिने सांभाळले होते, आणि याचा तिला अभिमान होता. का नसावा? कोरड्या खोकल्याला नासपती, थंडीच्या खोकल्याला संत्र्याची जुनी वाळवलेली साल, आणि गल्लत केलीत तर खोकला महिनाभर मुक्कामाला, हे त्या गल्लीला तिनेच शिकवलं.

तिच्या आईचा एक नियम होता. सर्दी अंगात आहे तोवर कोंबडी नाही, जिनसेंग नाही, ताकदीचं काहीच नाही. चोर घरात असताना कडी घालायची नसते. आधी त्याला बाहेर काढायचं. हा नियम मावशीने आयुष्यात एकदाच मोडला, आणि तोही स्वतःच्या लेकीच्या लग्नाच्या तोंडावर.

कित-यिंगच्या लग्नाला आठ दिवस उरले होते. नवरीला हाताला धरून नेणारी, पहाटेपासून रात्रीपर्यंत दारात, चहाच्या वेळी, जेवणावळीत शुभवचनं म्हणणारी बाई ठरली होती शुन-ताई. ती मावशीची गिरणीतली मैत्रीण. पोरगी शाळेत होती तेव्हाच मावशीने तिच्याकडून शब्द घेतला होता. त्या शुन-ताईलाच सर्दी-ताप झाला. दुसऱ्या दिवशी ताप उतरलेला दिसला आणि मावशीला घाई सुटली. नवरी शांत, आईच्याच गुडघ्याला बाशिंग! तिने जिनसेंग घालून कोंबडीचं सूप तीन तास मंद आचेवर ठेवलं आणि स्वतः नेऊन पाजलं. जीभ बघायची मात्र राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी शुन-ताईचा आवाज साफ बसला. तिने कागदावर लिहून पाठवलं, दुसरी बाई बघ. कित-यिंग म्हणाली, आई, अशा बायका पुरवणाऱ्या एजन्सीत फोन करते, तासाभरात मिळेल. गल्लीने उत्तरेच्या वाऱ्याला दोष दिला, कुणी एसीला. सुपाचं नाव कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मावशीने मिठाची गुळणी धरली असती तर कुणाला कळणारही नव्हतं.

ती तडक शुन-ताईकडे गेली. तिथे शेजारच्या दोघी बसल्या होत्या. मावशीने आधी जीभ बघितली. पांढरीफटक, वर जाड थर. थंडी अजून आतच होती.

"चूक माझी आहे, शुन," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "ताप उतरला म्हणून मी कोंबडी दिली. चोराला आत कोंडून कडी घातली मी. हे गल्लीत सांगायचं तर खुशाल सांगा."

शुन-ताईने पेन उचललं आणि लिहिलं: आता काय पाजतेस, बये?

दोन दिवस आलं, कांद्याच्या पातीचा पांढरा भाग आणि तुळशीसारख्या शिसोची पानं, एवढंच. शुन-ताईला घाम फुटला, जीभ निवळली. मग घशाच्या सुपासाठी मावशी पहाटे बाजारातून डुकराचं फुप्फुस घेऊन आली. त्याची श्वासनलिका नळाला लावायची, फुगेपर्यंत पाणी भरायचं, दाबून लाल पाणी काढायचं. नऊ वेळा केलं तेव्हा ते कापसासारखं पांढरं झालं. सहाव्यांदा कित-यिंग म्हणाली, आता पुरे की. मावशीने ऐकलं नाही. कोरड्या कढईत ते परतून पाणी आटवलं. मग सुकवलेली पालेभाजी, जर्दाळूच्या बिया, पंधरा वर्षांची संत्र्याची साल, आणि मंद आचेवर अडीच तास. तीन दिवस रोज. एजन्सीला फोन मात्र तिने कित-यिंगला करू दिला नाही.

लग्नाच्या पहाटे शुन-ताई लाल कपड्यांत दारात उभी राहिली. आवाज आला तो जाडसर, खालच्या पट्टीतला, पण फुटला नाही. वराच्या मित्रांना दारात अडवून तिने असे टोमणे मारले की ते पैशांची लाल पाकिटं काढत सुटले.

चहाच्या वेळी लेक आणि जावई मावशीला कप द्यायला गुडघे टेकून बसले. इथे आईसाठी ठरलेलं शुभवचन असतं, सुखाचं, नातवंडांचं. शुन-ताईने ते म्हटलं आणि स्वतःचं एक जोडलं:

"हिच्या हाताची चव गल्लीला ठाऊक,
हिच्या जिभेचा खरेपणा मला ठाऊक."

व्याही मंडळींना काही समजलं नाही, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या त्या दोघी मात्र उठून उभ्या राहिल्या. मावशीने कप दोन्ही हातांनी धरला, पण बराच वेळ तिला तो तोंडाला लावता आला नाही.