इथून जवळच

"इथून जवळच आहे," असं म्हणताना सर हात दाखवत नसत, नुसती हनुवटी पुढे करत. हनुवटी जिकडे जाईल तिकडे आपण चालायचं. जर्मनीत झिंडेलफिंगेनला मी नवा आलो, त्या आठवड्यात ते मला भाड्याचं घर बघायला घेऊन गेले. ते जवळचं घर पाऊण तास चालल्यावर आलं. बर्फ वितळून रस्त्यात चिखल झाला होता आणि माझे पुण्याहून आणलेले बूट मोज्यांसकट भिजले होते. "आलं की," ते म्हणाले, "बोलता बोलता आलं." बोलत फक्त तेच होते.

मोटारींच्या कारखान्यात आम्ही एकाच विभागात होतो. गाडीचं दार हजारो वेळा उघडून मिटून बघायचं, असं आमचं काम. मी सत्तावीसचा, ते पन्नाशीच्या जवळ आलेले. आम्ही चार-पाच मराठी पोरं त्यांना सर म्हणायचो. शहरात राहायला आल्याची नोंद, म्हणजे अनमेल्डुंग, करायला ते माझ्याबरोबर आले, बँकेत आले, पहिली गादी घ्यायलाही आले आणि गादीच्या दुकानात माझ्या आधी तेच आडवे होऊन बघत होते.

तुम्ही परदेशात राहिला असाल, तर असा एक माणूस तुम्हालाही भेटला असेल. नव्या माणसाला स्टेशनवर घ्यायला तोच जातो. पुढे जो तो आपापल्या संसाराला लागला, की त्याची आठवण फक्त सामान हलवायचं असेल तेव्हा होते.

त्यांची बायको आणि मुलगी मी येण्याआधीच पुण्याला परत गेल्या होत्या. सात वर्षांच्या मुलीला मराठी कळायचं, पण उत्तर ती जर्मनमधून द्यायची. आई धास्तावली आणि तिला पुण्याच्या शाळेत घालायला घेऊन गेली. "वर्षभरात मीही जाणार," असं सर मला पहिल्या वर्षी म्हणाले. तिसऱ्या वर्षीही तेच म्हणाले.

एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे असताना त्यांनी पुण्याला फोन लावला. मुलगी फोनवर आली तसे ते भराभर जर्मन बोलायला लागले. मग थांबले. पुन्हा काहीतरी विचारलं, पुन्हा थांबले. रिसीव्हर ठेवून ते म्हणाले, "ती जर्मन विसरली रे. आणि मराठीत तिच्याशी काय बोलायचं, ते मला सुचत नाही."

माझं लग्न झालं त्याच सुमाराला त्यांनी नोकरी बदलली आणि आखेनजवळच्या एका लहान कंपनीत गेले. जाण्याआधी आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा माझ्या बायकोनं विचारलं, "काका, अजून थोडा भात?"

"काका नको," ते म्हणाले. "भावजी म्हणा, वहिनी. इथे मला कुणी भावजी म्हणत नाही." भात मात्र त्यांनी दोनदा घेतला.

नंतर महिन्याला एक फोन यायचा. "आखेनला या. सकाळी जर्मनी, जेवायला हॉलंड, चहाला बेल्जियम. सगळं जवळच." आम्ही येतो येतो म्हणत राहिलो. माझी आई तीन महिने आमच्या दोन खोल्यांत राहून परत गेली, त्यानंतर आम्ही आखेनसाठी तीन दिवस काढले. लग्नानंतर आम्ही दोघंच असं कुठे गेलोच नव्हतो. मी हॉटेल घेतलं. "हॉटेल कशाला? माझ्याकडे खोली आहे," सर म्हणाले, आणि मी काहीतरी गुळमुळीत बोललो. ठरलं असं, की शनिवारची सकाळ त्यांच्याबरोबर घालवायची आणि दोन वाजता त्यांनी आम्हाला हॉटेलवर सोडायचं.

साडेआठला ते खाली उभे होते. जुनी गाडी धुतलेली, मागच्या सीटवर थर्मास आणि पहाटे उठून केलेल्या थालीपिठांचा डबा. बायकोला त्यांनी आग्रहानं पुढे बसवलं, "पुढून नीट दिसतं."

आधी आम्ही तीन देशांच्या सीमा जिथे मिळतात त्या टेकडीवर गेलो. तिथे एक दगड आहे. सरांनी बायकोला जर्मनीत उभं केलं, मला हॉलंडमध्ये, आणि बेल्जियममध्ये हातात हात धरायला लावले. सहा-सात फोटो काढले. "सर, तुम्हीही या," मी म्हणालो. "मी काय, नेहमीच येतो इथे," ते म्हणाले.

कॉफी विकणारी बाई त्यांना ओळखत होती. आमच्याकडे बघून तिनं जर्मनमध्ये विचारलं, "आज कुटुंबाला घेऊन आलात?"

"जा, जा," सर म्हणाले. म्हणजे हो, हो. माझ्या बायकोचा जर्मनचा पहिला वर्ग झाला होता, तिला ते कळलं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

मग हॉलंडमधलं मास्ट्रिख्ट झालं. तिथून बेल्जियममधलं लिएज जवळच होतं, म्हणून तेही झालं. एका उभ्या टेकडीवर गेलेल्या लांबच लांब पायऱ्या त्यांनी आम्हाला चढायला लावल्या आणि स्वतः मागून धापा टाकत आले. प्रत्येक ठिकाणी ते आमचे फोटो काढत होते. खाली आलो तेव्हा दोन वाजून गेले होते. गाडी सुरू करत ते म्हणाले, "आता लक्झेंबर्ग. चौथा देश. इथून जवळच आहे."

"सर, आपल्याला परत जायचं होतं."

"जाऊ की. संध्याकाळपर्यंत आरामात."

रस्ता जंगलातून जात होता. सर बोलत होते, कारखान्यातल्या जुन्या गोष्टी, मी ऐकलेल्याच. बायको खिडकीबाहेर बघत होती. तासाभरानं ते एका पेट्रोल पंपावर थांबले आणि पैसे द्यायला आत गेले, तेव्हा ती मागे वळून म्हणाली, "सकाळपासून आपण दोघं एक वाक्य तरी बोललोय का? मला परत जायचंय."

मी खाली उतरलो. ते तीन आइस्क्रीम घेऊन बाहेर येत होते. हे सौम्यपणे सांगता आलं असतं, वेळही होता. पण मी म्हणालो, "सर, आम्ही दोघंच फिरायला आलो होतो."

ते तिथेच उभे राहिले. "आल्झो," ते म्हणाले. म्हणजे, असं होय. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं. मला घड्याळाचं भानच राहत नाही." आइस्क्रीम आमच्या हातात देऊन त्यांनी गाडी वळवली.

परतीच्या वाटेवर बायकोनंच दोनदा विषय काढला, "भावजी, इथे थंडीत बर्फ पडतो का?" ते "हो" म्हणाले. हॉटेलच्या दारात त्यांनी उरलेल्या थालीपिठांचा डबा तिला दिला. "डबा परत करायची काळजी करू नका," म्हणाले.

खोलीत गेल्यावर बायको खिडकीपाशी उभी राहिली. "गाडी अजून खालीच आहे. त्यांना जेवायला बोलवूया?" मी म्हणालो, "राहू दे." थोड्या वेळानं गाडी गेली. आम्हाला हवी होती ती संध्याकाळ मिळाली, आणि जेवताना आम्ही दोघं सगळा वेळ त्यांच्याविषयीच बोललो.

महिन्याचा फोन त्यानंतर आला नाही. मी दोनदा केला. ते नीट बोलले, तब्येत विचारली, पण या म्हणाले नाहीत. आम्हाला मुलगी झाली, घर बदललं, आणि माझ्याकडूनही राहून गेलं. दोनेक वर्षांनी फोन लावला तर तो नंबर बंद झाला होता. जुन्या विभागातल्या एकाकडून कळलं, की कंपनीनं माणसं कमी केली आणि सर पुण्याला परत गेले.

पुण्याचा नंबर मिळवून एका रविवारी मी फोन केला. त्यांच्या बायकोनं उचलला. सर फिरायला गेले होते. "सकाळी निघतात," त्या म्हणाल्या, "परत कधी येतील ते सांगता येत नाही. कोण बोलतंय सांगू?"

मी नाव सांगितलं.

"हां, तुम्ही होय! तुम्ही दोघं आखेनला यांच्याकडे आठ दिवस राहिला होतात ना? सांगतात ते. तुमच्या मिसेसना खूप आवडलं म्हणून."

"हो वहिनी," मी म्हणालो, "आठ दिवस. कसे गेले ते कळलंच नाही."

"आश्चर्यच आहे," त्या म्हणाल्या. "इथे कुणी आलं, की हे आतल्या खोलीत जाऊन बसतात. आमच्या मुलीला तर वाटतं, बाबांना माणसंच आवडत नाहीत."

मी माझा नंबर दिला. त्यांनी तो लिहून घेतला आणि पुन्हा वाचून दाखवला. एक आकडा चुकला होता, तो मी दुरुस्त करून दिला. त्या दिवशी आम्ही कुठे बाहेर गेलो नाही. पुढच्या रविवारीही गेलो नाही.

फोन आला नाही.