खिळ्यांचे टायर

१९७१ च्या जुलै महिन्यात एका सकाळी चिंचवडहून पुण्याला निघालेली एक परदेशी मोटार दापोडीच्या पुलाच्या अलीकडे ओल्या डांबरावर घसरली आणि रस्त्याकडेच्या वडावर आदळली. मोटारीत चार माणसे होती. माझे घरमालक गाडी चालवत होते. त्यांच्या शेजारी मी होतो. मागे त्यांची पत्नी होती आणि कळा सुरू झालेली त्यांची एकुलती एक मुलगी. मोटारीला बर्फावर चालण्यासाठी बनवलेले टायर होते.

ते टायर चिंचवडला कसे आले आणि ते काढायचे नाहीत असे का ठरले, हे मी पहिल्यापासून पाहिले आहे.

मी तेव्हा पुण्याच्या एका दैनिकासाठी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या बातम्या देत असे. घरमालक गावातल्या जुन्या शेतकरी घराण्यातले. त्यांची निम्मी जमीन एका कारखान्यात गेली होती. आलेल्या पैशातून त्यांनी उरलेल्या मळ्यात स्वतःच्या घराशेजारी एक बंगला बांधला आणि तो कंपनीला भाड्याने दिला. त्यांच्या घराच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत मी राहत होतो, जेवणही त्यांच्याकडेच होते. मळ्यातून डांबरी सडकेपर्यंत काळ्या मातीची वाट होती. पावसाळ्यात तिच्यात बैलगाडी आसापर्यंत रुतत असे.

बंगल्यात कंपनीचा परदेशी इंजिनियर राहायला आला. त्याच्या देशात हिवाळ्याचे काही महिने सगळे बर्फाखाली असते. त्याची मोटार बोटीत चढवली तेव्हा तिकडे हिवाळा होता, म्हणून तिला हिवाळ्याचे टायर होते. इकडे आल्यावर साधे टायर घ्यायचे असे त्याने ठरवले होते. त्या मापाचे टायर पुण्यात मिळाले नाहीत आणि मुंबईतही मिळाले नाहीत. शेवटी तो आहे त्याच टायरांवर अगदी हळू गाडी चालवू लागला. टायरांच्या खाचा बोट आत जाईल इतक्या खोल होत्या आणि रबरात जागोजागी पोलादी खिळे बसवलेले होते. डांबरावर ती मोटार आली की पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज येई. गावातली माणसे न बघता सांगत, साहेबाची गाडी आली.

मुदत संपून परत जाताना त्याने मोटार घरमालकांना विकली. किल्ली देण्याच्या दिवशी बंगल्याच्या अंगणात तो, घरमालक आणि दुभाषा म्हणून मी, असे तिघे उभे होतो. त्याने टायरांविषयी बरेच सांगितले. त्यांच्याकडे प्रत्येक मोटारीला टायरांचे दोन संच असतात. हिवाळ्याचा टायर घेताना रबर मऊ आहे ना हे आधी बघतात, कारण थंडीत साधे रबर लाकडासारखे कडक होते. खाच खोल लागते, म्हणजे बर्फ तिच्यात धरला जातो. गोठून घट्ट झालेल्या बर्फासाठी खिळे. आणि चारही चाकांना एकच जात. दोन असे आणि दोन तसे कधी घालत नाहीत.

"बर्फ म्हंजे गारा का वो, पेपरवाले?" घरमालकांनी मला विचारले.

"गारा नाही. चाळणीतून पीठ पडावं तसं पडतं म्हणतात. मग थर बसतो, आणि त्यावरून ये-जा झाली की काचेसारखा गुळगुळीत होतो."

"आन् त्या काचंवर ह्यो टायर घसरत न्हाई?"

मी इंजिनियरला विचारले. तो म्हणाला, कमी घसरतो. मी तेच सांगितले.

"मग डांबरावर काय घसरतोय! काचंवर उभा ऱ्हाणारा गडी जमिनीवर पडंल व्हय?"

हे मी इंग्रजीत सांगितले तेव्हा इंजिनियर हसला नाही. तो म्हणाला, डांबरावर उलटे होते. खिळा डांबरात शिरत नाही, तो रबराला रस्त्यावरून उचलून धरतो. उन्हाने मऊ रबर आणखी मऊ पडते. रस्ता ओला असेल तर ब्रेक दाबल्यावर गाडी फार लांब जाऊन थांबते. हे टायर काढून टाका. निघताना मोटारीच्या चाकाला हात लावून तो हेच पुन्हा म्हणाला. दोन्ही वेळा मी त्याचे शब्द जसेच्या तसे मराठीत सांगितले. दोन्ही वेळा घरमालकांनी मान हलवली.

त्या उन्हाळ्यात मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. सासर चाकणच्या पलीकडे, घरचे लोक कांदा करणारे. जूनमध्ये डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले की मूल आडवे आहे. घरी बाळंतपण करायचे नाही, कळा सुरू झाल्या की लगेच पुण्याच्या इस्पितळात आणायचे. उशीर झाला तर दोघांच्याही जिवाला धोका आहे.

"उशीर कशाला हुईल? मोटार हाय की दारात," घरमालक म्हणाले.

त्याच आठवड्यात ते मोटार घेऊन पिंपरीला टायर रिट्रेडिंगच्या दुकानात गेले. मीही बरोबर होतो. दुकानदाराने टायरावरून पंजा फिरवला आणि तो म्हणाला, "आबा, हे खरवडून वर साधा पट्टा चढवतो. ते नको असंल तर निदान खिळे उपटून देतो. हे सडकेचं काम न्हाई."

"साध्या पट्ट्यावर आखाडात मळ्यातनं गाडी निघंल का?"

"चिखलातनं? न्हाई निघायची."

"मग झालं तर."

"मग चिखलाला हे ठिवा, सडकेला दुसरे घ्या."

"ह्या मापाचे दुसरे देतोस का? दे. आत्ता घालतो."

त्या मापाचे टायर त्याच्याकडे नव्हते.

"आन् खिळे काढतो म्हणतोस. बैलाच्या खुराला पत्री कशापायी ठोकत्यात? पाय धरावा म्हणूनच ना?"

रात्री जेवताना घरमालकांनी ही गोष्ट घरात सांगितली. मालकीणबाई भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "नवी पत्री ठोकल्याला बैल डांबरावर फाकतो, ठावं न्हाई का तुमाला? चिखलात चालतो आन् सडकेला लागला की चारी पाय चार दिशंला."

"बैलाला ब्रेक असतो का?"

"त्यापरीस असं करा. टायर सडकेचे करून घ्या आन् गाडी सडकंलाच उभी ठिवा, भावकीच्या दारात. पोरीला इथनं बाजेवर घालून सडकेपतुर नेऊ. चार गडी काय मिळायचे न्हाईत?"

"दारात मोटार असताना माझी पोर बाजेवर? गाव तोंडात शेण घालंल."

मुलगी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "न्या की आबा बाजेवर. पालखीत बसल्यागत वाटंल मला."

"गप. चार खांद्यांवर बाज निघाली तर लोक पालखी न्हाई म्हणत, तिरडी म्हणत्यात."

"अवो, जिभेला काय हाड हाय का!" मालकीणबाई म्हणाल्या. टायर तसेच राहिले.

पावसाला जोर चढल्यावर वाटेचा चिखल झाला. घरमालक रोज एकदा मोटार मळ्यातून सडकेपर्यंत नेत आणि परत आणत. शेजारच्या मळेकऱ्याची भरली बैलगाडी वाटेत रुतून बसली होती, तिच्या बाजूने चिखल उडवत मोटार सरळ निघून गेली. बैल सोडून बांधावर बसलेला तो मळेकरी ओरडला, "आबा, ही गाडी इकायची झाली तर मला सांगा, मी घेतो!" सगळे हसले. मुलगीही दारात उभी राहून हसत होती. त्या दिवसानंतर मालकीणबाईंनी बाजेचा विषय काढला नाही.

कळा पहाटे सुरू झाल्या. उजाडता उजाडता आम्ही निघालो. मला पुण्याला कचेरीत जायचे होते, शिवाय इस्पितळात धावपळ करायला कोणीतरी पुरुष माणूस हवा होता. पाऊस बारीक होता. वाटेतल्या चिखलात मोटार एकदाही अडखळली नाही. सडकेवर चढल्यावर घरमालकांनी मान न वळवता पत्नीला विचारले, "बगितलं का?"

मालकीणबाई म्हणाल्या, "रस्त्याकडं बघा तुमी."

पिंपरीला कारखान्याची रात्रपाळी सुटली होती. कामगार सायकलींवरून घरी चालले होते. कासारवाडीपर्यंत घरमालक त्यांच्यातून हळू चालवत होते. पुढे रस्ता मोकळा झाला. मागे मुलगी ओठ दाबून कण्हत होती. त्यांनी वेग वाढवला. पूल दिसू लागला तेव्हा डोक्यावरून मेणकापड घेतलेला एक सायकलस्वार डावीकडून उजवीकडे जाऊ लागला. मेणकापडामुळे त्याला मागचे दिसले नसावे. अंतर पुरेसे होते, निदान मला तरी तसे वाटले.

घरमालकांनी ब्रेक दाबला. चाके थांबली. मोटार थांबली नाही. गारांसारखा आवाज बंद झाला आणि फरशीवरून लोखंडी पहार ओढत न्यावी तसा आवाज सुरू झाला. सायकलस्वाराला वाचवण्यासाठी त्यांनी स्टिअरिंग डावीकडे फिरवले, तरी मोटार सरळच जात राहिली. सायकलस्वार पुढे निघून गेला. त्याला काही लागले नाही. मग मोटारीचा मागचा भाग फिरला आणि मुलगी बसली होती ती बाजू वडावर आदळली.

घरमालकांचे कपाळ फुटले. माझे गळ्याजवळचे हाड मोडले. मालकीणबाईंचे मनगट मोडले. मुलीच्या अंगावर बाहेरून कोठे जखम दिसत नव्हती. ती शुद्धीवर होती आणि "आबा, चला ना," इतकेच म्हणत होती. मागून आलेली एका कंपनीची बस थांबली. बसमधल्या लोकांनी एक लांब सीट उखडून मुलीला त्या सीटवर निजवले आणि चौघांनी ती सीट खांद्यावर घेऊन बसमध्ये चढवली. घरमालक ते पाहत रस्त्यात उभे होते.

इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. मुलगा होता, मृत होता. रक्तस्राव थांबेना म्हणून गर्भाशय काढावे लागले. मुलगी वाचली. घरमालकांनी डॉक्टरीणबाईंना विचारले की हे मोटारीच्या धक्क्याने झाले की मूल आडवे होते म्हणून. त्या म्हणाल्या, ते सांगता येणार नाही.

बातमी मी दुसऱ्या दिवशी फोनवरून दिली. ती चार ओळींत छापून आली. तिच्यात टायरांचा उल्लेख नव्हता. पोलिसांच्या पंचनाम्यात टायरांविषयी एवढेच होते की चारही टायर सुस्थितीत आहेत.

मोटार बैलांनी ओढून मळ्यात आणली आणि गोठ्याच्या कडेला उभी केली. घरमालकांनी पुन्हा मोटार चालवली नाही. टायरांविषयी ते माझ्याशी एकदाच बोलले, त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास.

"पेपरवाले, त्यो साहेब दोनदा म्हणला होता ना?"

"हो. दोनदा."

"दोनदाच?"

"दोनदा."

त्यांनी मान हलवली आणि ते गोठ्याकडे गेले.

जावई इस्पितळात एकदा येऊन गेले होते. दिवाळीला मुलीला न्यायला सासरहून कोणी आले नाही. संक्रांतीलाही आले नाही. पुढच्या उन्हाळ्यात चाकणच्या बाजाराला कांदा घेऊन गेलेल्या भावकीतल्या एकाने बातमी आणली की जावयाने दुसरे लग्न केले. काडीमोड झालेली नव्हती. घरमालक एकटेच एसटीने चाकणला गेले आणि संध्याकाळी मुलीची लोखंडी ट्रंक घेऊन परत आले.

मोटारीचा सांगाडा भंगारात गेला. मागचा आस चाकांसह काढून घेऊन सुताराने त्याची बैलगाडी बनवली. उरलेले दोन टायर विहिरीजवळ पडून होते. घरमालक १९७८ मध्ये वारले. मालकीणबाई त्यानंतर वर्षभराने गेल्या.

मी १९८१ साली ती जागा सोडली. निघालो त्या सकाळी माझे सामान त्याच बैलगाडीतून सडकेपर्यंत आले. चाकांच्या खाचा भरून गेल्या होत्या आणि खिळे झिजून रबराच्या पातळीला आले होते. गाडी मुलगी हाकत होती.