माती सुटेपर्यंत

११ जुलै २०२३, सकाळी सहा वाजून वीस मिनिटे. सिहोऱ्याच्या थांब्यावर नागपूरची गाडी लागली. धाकटा भाऊ माधव पिशवी वर चढवून देत म्हणाला, "रोवणा तोंडावर आला, अन् तू या वयात काजय घोटाले जाऊन राहिला, दादा!"

रोवणा म्हणजे भाताची लावणी. पत्नी गेल्यानंतर माधवच्या कुटुंबाने मला सांभाळले होते; मला काम हवे होते. गावी राहिलेल्यांनी आणि गावातून निघालेल्यांनी एवढेच कारण मानावे.

तीस वर्षे मी रसायनशास्त्र शिकवले. माझी जुनी विद्यार्थिनी वंदना नागपुरात वीजवाहक प्लास्टिकचा पातळ पापुद्रा तयार करण्याच्या खटपटीत होती. तिने स्पष्ट सांगितले, "सर, महिन्याभरात जमले तर तुम्ही राहा. नाही तर मलाच हे बंद करावे लागेल."

कार्बनच्या नॅनोनलिका, म्हणजे काजळीसारखी काळी पूड, पाण्यात गुठळ्या धरतात. साबणासारखे द्रव्य घालून, बीकर बर्फात ठेवून, ध्वनिलहरींच्या यंत्राने त्या सुट्या करायच्या. मग ते पाणी पॉलिमरच्या द्रावणात मिसळून पापुद्रा वाळवायचा. आत नलिका एकमेकींना टेकल्या, तरच वीज वाट काढते.

गुठळी दिसली की मी यंत्राची वेळ वाढवीत असे. अर्ध्या तासाचे दोन तास झाले. पाणी एकसारखे काळे दिसू लागले. त्यात मला माझी शिस्त दिसली. मीटर मात्र चार आठवडे मुका राहिला.

अठ्ठाविसाव्या दिवशी माधवचा फोन आला.

"नव्या बाया लागल्या रोवण्याले. परे आपटून आपटून धुऊन राहिल्या. माती गेली, अन् मुयाही तुटल्या. तू असता तं वरडला असता."

परे म्हणजे भाताची रोपे. मी विचारले, "किती आपटायचे असते?"

"माती सुटली का थांबा लागते. मास्तर तू, अन् मले विचारते?" मग आवाज उतरला. "वापस ये ना, दादा. तुही खोली तशीच हाये."

मी फोन ठेवला आणि यंत्राकडे पाहिले. नलिका सुटत होत्या, पण तुटतही होत्या. आखूड तुकडे एकमेकांपर्यंत पोहोचणार कसे? त्या दिवशी यंत्र थांबत थांबत वीसच मिनिटे चालवले. उरलेल्या गुठळ्या तळाशी बसू दिल्या आणि वरचे पाणी घेतले.

तिसाव्या दिवशी पापुद्रा वाळला. वंदनाने मीटरची टोके टेकवली. काटा हलला. ती एवढेच म्हणाली, "सर, बोलला."

सायंकाळी मी माधवला कळवले, "माझ्या खोलीत यंदाचे धान भर."

त्याने विचारले, "दिवाईले तरी येशीन?"

"येईन."

सिहोरा माझे गाव आहे. घर आता येथे आहे. हे वाक्य लिहिताना हात थांबला होता, परंतु ते खोडण्याचे कारण सापडले नाही.

फोन झाल्यावर बीकर धुतले. दुसऱ्या दिवशीच्या कामासाठी बर्फाचे साचे पाण्याने भरून फ्रीजमध्ये ठेवले.