काकीनं सोडलेली बिडी

दुपारच्या सुट्टीत डबा उघडला आणि काकाचा फोन आला. "काकी गेली रे..." एवढंच बोलला. अंगणात नाचणी पाखडताना छातीत दुखलं, शहापूरला नेईपर्यंत संपलं. मी इकडे मस्कतला. निघालो असतो तरी तोंड बघायला मिळालं नसतं. महिना होऊन गेला, अजून कुणाशी नीट बोललेलो नाही. आठवीत शाळा सोडलेला माणूस मी, लिहिण्यात कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

आई लवकर गेली, डोळखांबकडच्या आमच्या पाड्यावर काकीनंच मला वाढवलं. शाळा सोडली तेव्हा घरात सगळे ओरडले. ती मात्र मला मुरबाडला एका वेल्डिंगच्या दुकानात घेऊन गेली आणि मालकाला म्हणाली, "याला हाताचं काम शिकवा, डोकं मागून येल." आज पोट भरतोय ते तिच्यामुळं. तिचा शौक एकच, बिडी. लावणीतून वर आली की बांधावर बसून ओढायची. कुणी टोकलं तर, "तुझ्या बापाची हाय का?"

मागच्या सुट्टीत गेलो तेव्हा ती तांदूळ निवडताना ताट तिरकं, डोळ्याच्या कडेला धरत होती. समोर बघितलं की मधोमध काळं दिसतं म्हणाली. मी नि काकानं तिला शहापूरला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पडदा तपासून समजावलं, उजेड झेलून झेलून आतल्या पेशी झिजतात, लोखंडाला गंज चढावा तशा. हिरव्या पालेभाज्यांतलं सत्त्व त्यांना सांभाळतं, बिडीचा धूर नेमकं तेच खातो. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली जपायची.

"बिडी ओढता का, मावशी?"

"नाय गो बाई."

काका खोकला. "तुमी कशाला खोकता?" काकी उखडली... बाई तोंड फिरवून हसल्या.

परतताना जीपमध्ये ती एकदम म्हणाली, "उजेडानं गंज चढतो, तर तुझं काय रे? तू तर सारा दिस ठिणग्यांम्होरं."

"काच असते ना गो तोंडावर."

"कायम?"

छोटा टॅक, म्हणजे वेल्डिंगचा एक ठिपका, मारायचा असला की काच कोण खाली घेतं? डोळे मिटायचे नि मारायचा, सगळेच तसं करतात. मी बाहेर बघत राहिलो. तिला कळलं. कमरेचं बिडीचं बंडल काढून तिनं जीपबाहेर भिरकावलं. "ही मी सोडली. तू काच सोडायची नाय. शिमग्याला येशील तवा तुझं तोंड दिसाया पायजे मला, आन् तुला माझं. बोल!"

"बोललो."

मग दर फोनला ती विचारायची, "काच?" मी विचारायचो, "बिडी?" "सोडली ती सोडली. टाकळा खाल्ला, शेवगा खाल्ला, आता बकरीवानी बें करायचं राह्यलंय," म्हणायची. पण बिडीचं खरं वाटायचं नाही मला. जन्माची सवय, आणि मी इतका लांब... मला बरं वाटावं म्हणून सांगत असेल, असंच धरून चाललो होतो.

दहाव्याला शेजारच्या वहिनीनं मायेनं पिंडाशेजारी एक बिडी ठेवली. तिला आवडायची म्हणून. चुलतभावानं फोनवर सांगितलं, काकानं ती उचलली. म्हणाला, "नको ठेवू गो. तिनं सोडलेली हाय. पोराला बोल दिलता."

काल काम सुटायच्या वेळेला एका पाइपचा एकच टॅक राहिला होता. शेजारचा नेपाळी दोस्त ओरडला, "मार दे ना यार, एक ही तो है!"

मी काच खाली घेतली.