थोरल्या साडूंची हवेवरची गाडी

ज्या वस्तूला एक तरी स्क्रू आहे ती आपण उघडावी म्हणूनच जन्माला आली, असं मानणारा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझा साडू आहे. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमची अक्का, त्यांना दिलेली. निरवांगीला त्यांची डाळिंबाची बाग आहे, थोडा ऊस आहे, दोन म्हशी आहेत, आणि पंचक्रोशीतल्या झाडून सगळ्या मिस्त्र्यांच्या पोटावर त्यांनी आयुष्यभर पाय दिलेला आहे. "माणसानं जोडलंय ते माणसाला उकलतंय," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. उकलतं, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्यापुढची आहे. एकदा ते बारामतीला आमच्याकडे दोन दिवस मुक्कामाला आले, आणि मी शाळेत पोरांना मोसमी वारे शिकवत असताना इकडे त्यांनी आमचा गॅसगीझर उकलला. कुणी सांगितलं नव्हतं. गीझरचं काही दुखतही नव्हतं. "आवाज जरा जड येत हुता," म्हणाले. तेव्हापासून आमच्या घरात एक जण आंघोळीला गेला की दुसऱ्यानं स्वयंपाकघरातला नळ अर्धा उघडून उभं राहायचं, तरच गरम पाणी येतं. सहा वर्षं झाली. दुसरा मिस्त्री बोलवावा म्हटलं तर बायको म्हणते, "दाजींना काय वाटंल?" आम्हाला काय वाटतं हे कुणी विचारत नाही.

त्यांचा कान हा एक वेगळाच ताप आहे. भल्या सकाळी बागेत ठिबकचं पाणी सुटलं की हे दोन ओळींमधून नुसते चालत जातात, आणि नळी कुठं फुटलीय ते न बघता, ऐकून सांगतात. बागेत ठीक आहे हो. पण माझ्या लग्नात अंतरपाटाचं एक टोक या गृहस्थांच्या हातात होतं, आणि तिसऱ्या मंगलाष्टकाला मांडवामागच्या जनरेटरचा सूर त्यांना खटकला. ते टोक त्यांनी शेजारच्या एका म्हाताऱ्याच्या हातात दिलं आणि निघून गेले. आमच्या डोक्यावर अक्षता पडायला आणि मांडवातले दिवे जायला एकच गाठ पडली. माझ्या लग्नाच्या एकाही फोटोत ते दिसत नाहीत. खरं तर त्यानंतरच्या अर्ध्या तासाच्या फोटोंत कुणीच दिसत नाही.

अशा माणसानं गाडी घ्यावी तर साधी घ्यावी. यांनी पुण्याच्या कुणा डॉक्टरांची वापरलेली, परदेशी बनावटीची, बारा वर्षांची एसयूव्ही दारात आणून उभी केली. तिला स्प्रिंगा नाहीत. चारी चाकांवर रबराच्या पिशव्या आणि त्यांत हवा. एक बटण दाबलं की हवा कमी होऊन गाडी चार बोटं खाली वाकते, दुसरं दाबलं की परत उठते. गावानं नावं ठेवली, मीही ठेवली. पण ती गाडी का घेतली ते मला ठाऊक होतं, आणि ते इथेच सांगून टाकतो. दोन वर्षांमागं अक्का गोठ्यात घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर घेऊन ती चालायला लागली, पण घरच्या जीपची उंच पायरी काही तिला चढवेना. एका लग्नाला निघताना चौघांनी मिळून तिला उचललं आणि जीपमध्ये ठेवलं. अक्का लग्नात कुणाशी बोलली नाही, जेवली नाही, आणि घरी आल्यावर म्हणाली, "मी काय युरियाचं पोतं हाय, चौघांनी धरून टाकायला?" त्यानंतर वर्षभर तिनं दवाखाना सोडून कुठेही जायला उंबरा ओलांडला नाही. नरसिंहपूरचा नरसिंह तिच्या माहेरचा कुलस्वामी. लहानपणापासून न चुकवलेली नरसिंह जयंती तिनं चुकवली. यंदा मात्र ती स्वतः म्हणाली होती, "गाडी वाकती म्हणता नव्हं? मग यीन मी."

आणि जयंतीला आठ दिवस उरले असताना एका सकाळी गाडीचं मागचं डावं अंग खाली बसलेलं दिसलं. मला फोन आला तेव्हा मी म्हणालो, नाहीतरी बसवायचीच आहे ना, बसू द्या. त्यावर माझ्या अकलेचा जो उद्धार झाला तो मी इथे देत नाही. "बसली न्हाय, कललीया! कलत्या शिटावर ती बसंल कशी? आन बसली तर हात दिल्याबिगर उठंल कशी?" मग ते कशीबशी ती गाडी घेऊन पुण्याच्या एका काचेच्या वर्कशॉपात गेले. तिथल्या टाय लावलेल्या माणसानं गाडीकडं न वाकता संगणकाकडं बघून सांगितलं, की दोन्ही बाजूंचं सगळं बदलावं लागेल, आणि माल बाहेरून यायला दीड महिना लागेल. 'बदला' हा शब्द आमच्या साडूंना आईवरच्या शिवीसारखा लागतो. पण तेही त्यांनी गिळलं असतं. तो माणूस वर म्हणाला, "आणि प्लीज, स्वतः हात लावू नका."

त्या भल्या माणसाला काय कल्पना! रविवारी सकाळी मला निरवांगीला बोलावणं आलं. मी पांढरा शर्ट घालून गेलो, ही माझी चूक. गाडी जॅकवर चढवली होती आणि खाली उसाच्या ट्रॉलीला लावतात ते लाकडी ठोकळे. ठोकळे हलवून बघितल्याशिवाय ते स्वतःही खाली शिरले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. "हवेवर इस्वास ठिवायचा न्हाय, पाव्हणं. लाकडावर ठिवायचा." डाळिंबाला औषध मारायचा फवारणी पंप सात पाण्यांनी धुऊन त्यात साबणाचं पाणी भरलं होतं, आणि तो माझ्या पाठीवर दिला. बावीस वर्षं नोकरी केलेला भूगोलाचा शिक्षक मी, पाठीवर पंप घेऊन मोटारीच्या पोटाखाली फवारत होतो आणि रस्त्यानं जाणारे लोक "काय गुरुजी, कसली कीड हाय?" म्हणून विचारत होते. अखेर एका जागी बुडबुडे आले. रबराची पिशवी चांगली होती. तिला येणारी, बोरूएवढी जाड नळी जोडापाशी चिरली होती. "आरं ही तर आपली ठिबकची नळी!" साडू ओरडले. जाडी तीच, रंगही तोच, काळा. चिरलेला तुकडा त्यांनी पक्कडीनं तोडला, बागेतला ठिबकचा जोड आणून बसवला, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली, आणि ठोकळे काढून इंजिन चालू केलं. गाडीचं डावं अंग हळूहळू वर आलं. ओट्यावर बसलेल्या अक्कानं टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात फाटकन आवाज झाला, गाडी मटकन खाली बसली आणि एक म्हैस दावं तोडून उसात शिरली.

मी भडकलो. इतक्या वर्षांचा गीझर, लग्नातले दिवे, शर्टाचा झालेला बोळा, सगळं एकदम बाहेर आलं. साडूभाऊ, म्हटलं, ही बाग नाही, ही गाडी आहे! पाण्याचा दाब आणि हवेचा दाब यातलं काही कळतं का तुम्हाला? अक्काची जयंती तुमच्या हौसेपायी बुडणार आहे, हे कळतं का? ते मातीत बसून हातातल्या नळीकडं बघत राहिले. मग, मी त्यांना ओळखतो तेव्हापासून कधी न म्हटलेलं वाक्य ते म्हणाले, "कुणाला तरी इचारायला पायजे."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतल्या निकालाच्या कामाला दांडी मारून त्यांना स्कूटरवर घेऊन बारामतीच्या एमआयडीसीत गेलो. तिथं उसाच्या ट्रकांचे हवेचे ब्रेक दुरुस्त करणारा एक मिस्त्री बसतो, वयानं यांच्या निम्मा. त्यानं नळी हातात घेतली आणि हसला. "आबा, ठिबकला दाब एक किलोचा. हितं धाचा. नळी सारखी दिसती, पर जोर सारखा न्हाय." मग पितळी जोड काढून दाखवला. नळी पक्कडीनं तोडायची नाही, ब्लेडनं सरळ कापायची. कडा तिरपी राहिली की गळणारच. आमचे साडू जुन्या टायरवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "शिकीव." तीनदा त्यांच्याकडून करवून घेतलं त्यानं. दोनदा तिरपी कापली म्हणून सर्वांदेखत बोलणी खाल्ली. सहावीतलं पोरगंही माझं इतकं मुकाट्यानं ऐकत नाही. मला खूप राग यायला हवा होता, की ही बुद्धी सहा वर्षांपूर्वी का नाही सुचली. तो आलाच. पण त्यांच्या बसल्या जागी मी त्यांना चहाही आणून दिला.

त्या मिस्त्र्याची नळी आणि पितळी जोड बसवलेली गाडी जयंतीच्या सकाळी सरळ उभी होती. साडूंनी एक वेळूची काठी आणली, तिला मध्ये एक खाच होती. ती त्यांनी गाडीच्या सीटला लावली, बटण दाबलं, सीट खाचेला आली तेव्हा बोट उचललं. मी विचारलं, हे कसलं माप? "तिच्या खाटंचं," म्हणाले, आणि दुसरीकडं बघायला लागले. अक्का वॉकर घेऊन आली, पाठ सीटला टेकवली, बसली, एकेक पाय आत घेतला. सगळे गडीमाणसांसह उभे होते. कुणी पुढं झालं नाही.

नरसिंहपूरला ती भिंत धरून एकेक पायरी चढली. पाऊण तास लागला. माझी बायको नुसती मागं चालत होती. साडू मात्र वर आलेच नाहीत. मी संतापून खाली आलो, तर गृहस्थ कडक उन्हात गाडीच्या मागच्या डाव्या चाकापाशी कान लावून पडलेले. साडूभाऊ, इथवर येऊन देवाचं दर्शन नाही? "ती यीस्तवर गाडी कलाया नको," ते खालूनच म्हणाले. "लोकं लई हायती. कुणीतरी हात द्याया पुढं हुईल." त्यांच्या तोंडावर ऊन येत होतं तिकडं जाऊन मी उभा राहिलो.

अक्का आली आणि पुन्हा तशीच, आपली आपण बसली. परतीच्या वाटेवर ती मला हळूच म्हणाली, "पाव्हणं, ह्यांनी मला एकदाच इचारलं हुतं, मी उचलून घिऊ का म्हणून. मी न्हाय म्हणले. परत कधी इचारलं न्हाय बगा." पुढं साडू गाडी चालवत होते आणि आठ दिवसांची त्यांची तीच कटकट चालू होती. दीड महिना म्हणं! हात लावू नका म्हणं! तो टायवाला माणूस मी कधी पाहिलेला नाही. तो आपली नोकरी करत होता, हेही मला कळतं. तरीपण वाटेतलं बावडा गाव येईपर्यंत मी साडूंच्या बरोबरीनं त्याला शिव्या दिल्या.